नागमोडी रेघ

जमिनीचा नकाशा आणि इमारतीचा नकाशा या दोहोंतही रेघाच असतात, दोहोंच्या कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण असतो, दोहोंवर प्रमाण लिहिलेले असते; त्यामुळे ते एकाच जातीचे आहेत असा समज सहज होतो. वस्तुतः त्यांचे स्वभाव अगदी निराळे आहेत. जमिनीचा नकाशा आधीच जे आहे त्याची साक्ष देतो. इमारतीचा नकाशा जे अद्याप नाही त्याविषयी आज्ञा देतो. साक्षीत चाचरणे असते, 'बहुधा' असते, 'झाडीमुळे दिसले नाही' असेही असते. आज्ञेला चाचरून चालत नाही. साक्षीदाराचे बोलणे आज्ञेच्या भाषेत बसवून देण्याचे काम आज ज्यांच्या हातून होते, त्यांच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वास्तुविशारदाचे नाव फलकावर लागते, मोजणीदाराची सही नकाशावर असते. मध्ये बसलेल्या आरेखकाचे नाव कोठेच नसते.

पुण्यातील एका वास्तुविशारदाच्या कार्यालयात असे एक आरेखक आहेत. वय साठीच्या पलीकडे. आयटीआयमधून आरेखनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून १९८१ साली ते या धंद्यात आले, तेव्हा टी-स्क्वेअर, ट्रेसिंगचे कापड, शाईची पेने आणि चुकलेली रेघ खरवडण्यासाठी दाढीच्या ब्लेडचा अर्धा तुकडा एवढीच त्यांची सामग्री होती. छापील प्रतींना अमोनियाचा वास येई आणि तो घरी गेल्यावरही हाताला राही. ऑटोकॅड १९८२च्या डिसेंबरात अमेरिकेत निघाले. या कार्यालयाच्या जिन्यापर्यंत ते पोहोचावयास आणखी दहा-बारा वर्षे लागली. ब्लेडचा तुकडा त्यानंतर गेला, पण रेघ पुसण्यापूर्वी क्षणभर थांबण्याची सवय गेली नाही.

कार्यालयातील तरुण मंडळी त्यांना काका म्हणतात. ते मुलींना ताई म्हणतात आणि मुलांना साहेब. त्यातले 'साहेब' थोडे थट्टेचे असते. इमारतीचे त्रिमितीय प्रतिमान ज्यात उभे राहते, ती रेव्हिट नावाची प्रणाली या तरुणांच्या हाती आहे. ती २००० साली प्रथम बाजारात आली आणि २००२ साली ऑटोकॅडच्याच कंपनीने विकत घेतली. तिच्यात भिंत ही दोन समांतर रेघांची खूण नसते, तर उंची, जाडी आणि विटांचा प्रकार ठाऊक असलेली भिंत असते. दार हलविले की सर्व नकाशांत ते आपोआप हलते. काकांकडे येते ते याच्या अगोदरचे काम. मोजणीदाराने पाठविलेली फाइल या प्रणालीच्या उपयोगाची करून द्यावयाची. कार्यालयाच्या बोलीत याला 'फाइल साफ करणे' म्हणतात.

शब्द घरगुती आहे आणि म्हणूनच फसवा आहे. भांडे साफ करताना जे जाते ते मळ असते, यात वाद नाही. तांदूळ पाखडताना मात्र सुपातून काय उडू द्यावयाचे आणि काय राखावयाचे हे पाखडणारीला ठाऊक असावे लागते. कणी ही कोंड्याबरोबर गेली तर तो तोटाच. फाइल साफ करणे हे दुसऱ्या जातीचे काम आहे. ते पहिल्या जातीचे समजून केले जाते, यात सगळा अनर्थ आहे.

मोजणीदाराची फाइल उघडली म्हणजे प्रथम दिसते ती गर्दी. सुमारे तीन एकरांच्या भूखंडावर, पुण्याच्या पश्चिमेच्या एका टेकडीच्या उतारावर, टोटल स्टेशन घेऊन माणसे चार-पाच दिवस हिंडलेली असतात. प्रिझम लावलेली काठी जेथे जेथे टेकली तेथे तेथे एक बिंदू. बिंदूला क्रमांक, उंची आणि एक त्रोटक शेरा. बिंदूंमधून प्रणालीने काढलेल्या समोच्च रेषा. त्यांवर झाडांची चिन्हे, विजेचे खांब, कुंपणाची तार, एक पडकी खोली, एक विहीर, खडक उघडा पडलेली जागा, पायवाट. मोजणी खात्याच्या 'क' प्रतीवरून उतरविलेली हद्द एका रंगात आणि प्रत्यक्ष कुंपण दुसऱ्या रंगात. या दोन रेघा कोठे कोठे एकमेकींपासून हातभर दूर असतात. त्या अंतरात शेजाऱ्यांची एखादी पिढी भांडून गेलेली असते.

या गर्दीत मराठीची एक निराळीच कथा आहे. जुन्या मोजणीदारांनी शेरे मराठीतून लिहिलेले असतात, पण ते युनिकोडपूर्व टंकांत. तो टंक ज्या यंत्रावर नाही तेथे 'विहीर' या शब्दाच्या जागी रोमन अक्षरे, कंस आणि विरामचिन्हे यांचा निरर्थक पुंजका दिसतो. साफ करणारा तरुण तो पाहतो आणि कचरा म्हणून काढून टाकतो. विहीर जमिनीत राहते, नकाशातून जाते. काकांनी असले दोन-तीन जुने टंक आपल्या यंत्रावर मुद्दाम जपून ठेवले आहेत, आणि फाइल आली की ते प्रथम सर्व शेरे वाचून काढतात. त्यांत 'पडीक', 'बांध', 'जुना पाट', 'येथे पाणी साचते' असे शब्द सापडतात. 'येथे पाणी साचते' या तीन शब्दांना प्रणालीत कोणताही रकाना नाही. ते कोणत्याही थरात ठेवले तरी इमारतीच्या दृष्टीने ते मूकच. काका ते नव्या लिपीत पुन्हा टंकतात आणि ठेवतात.

मग मापांचा प्रश्न येतो. मुंबई इलाख्यातील महसुली मोजणी १८३६च्या सुमारास इंदापूर तालुक्यातून पद्धतशीर सुरू झाली, तेव्हा शंकुसाखळी तेहतीस फुटांची होती आणि तिचे सोळा आणे पाडलेले होते. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तो गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. जमिनीचे माप रुपयाच्या अंशांत बोलत होते, आणि ज्या कामासाठी ती मोजणी चालली होती ते पाहता हे काही विसंगत नव्हते. पुढे दशमान पद्धती आली, सात-बारावर हेक्टर-आर आले. पण बाजारात गुंठा राहिला आणि घरात चौरस फूट. संगणकाने या गुंत्यात आपली भर घातली. मोजणीदार मीटरांत आखतो, वास्तुविशारद मिलिमीटरांत. फाइल उचलताना कोणी हे एकक सांगावयास विसरला, तर एकशे दहा मीटर रुंदीचा भूखंड पडद्यावर अकरा सेंटिमीटरांचा होऊन बसतो, तळहाताएवढा. ही चूक निरुपद्रवी, कारण ती लगेच दिसते. काकांच्या मते भ्यावयाचे ते न दिसणाऱ्या चुकांना.

अशांपैकी एक दूरत्वाची. उपग्रहांच्या आधारे केलेल्या मोजणीत प्रत्येक बिंदूला त्याचा पृथ्वीवरील पत्ता असतो. जगाचे साठ उभे पट्टे पाडणाऱ्या यूटीएम प्रक्षेपात पुणे त्रेचाळिसाव्या पट्ट्यात येते. शहराच्या मध्याचा पूर्वांक सुमारे ३,७८,००० मीटर आणि उत्तरांक सुमारे २०,४८,००० मीटर. विषुववृत्तापासून मोजलेले हे दुसरे अंतर मिलिमीटरांत दोनशे कोटींच्या वर जाते. इमारतीची प्रणाली मात्र आपल्या अंतर्गत मूळबिंदूजवळच, फार तर काही मैलांच्या परिघात, नीट विचार करू शकते. त्यापलीकडे गेलेली आकृती किंचित थरथरू लागते, रेघा जोडावयास चुकतात, वर्तुळे टोकदार होतात. म्हणून काका भूखंडाजवळचा एक पूर्णांकी बिंदू निवडतात, सर्व पत्त्यांतून तेवढा आकडा वजा करतात आणि वजा केलेला आकडा फाइलीत ठळकपणे लिहून ठेवतात. प्रणालीत त्यासाठी स्वतंत्र सर्वेक्षणबिंदू असतो. त्याला तो आकडा सांगितला की इमारत मूळबिंदूजवळ राहूनही आपला खरा पत्ता सांगू शकते. वजाबाकी सोपी आहे. लिहून ठेवणे अवघड असावे, कारण ते फार थोडे लोक करतात.

याच मोजणीत दुसरी एक सूक्ष्म गोष्ट दडलेली असते. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरताना अंतरे थोडी आखडतात. पुण्याच्या रेखांशावर आणि उंचीवर जमिनीवरचे शंभर मीटर या जाळ्यावर दोन-तीन सेंटिमीटरांनी कमी भरतात. कुंपणाच्या भिंतीला हे चालून जाते. कारखान्यात तयार होऊन येणाऱ्या लोखंडी तुळयांच्या लांब रांगेला चालत नाही.

उत्तर दिशेबद्दल तर काय सांगावे! सामान्य माणसाला उत्तर एकच असते, ध्रुवताऱ्याखालची. आरेखकाला चार उत्तरा सांभाळाव्या लागतात. एक खरी. दुसरी होकायंत्राची, जी वर्षावर्षाला किंचित सरकते. तिसरी जाळ्याची, जी पुण्यात खऱ्या उत्तरेपासून सुमारे बावीस कला ढळलेली असते. आणि चौथी वास्तुविशारदाची सोयीची उत्तर, म्हणजे कागदाची वरची बाजू, कारण तिरप्या भूखंडावर तिरपी इमारत तिरपीच आखत बसणे कोणालाही आवडत नाही. प्रणाली खरी आणि सोयीची या दोन उत्तरा वेगळ्या ठेवू देते. सूर्य कोणत्या खिडकीतून किती वाजता येईल हे ती खऱ्या उत्तरेवरून सांगते. पण मोजणीच्या नकाशावरचा बाण यांपैकी कोणत्या उत्तरेचा, हे मोजणीदाराने लिहिलेले नसते. गिऱ्हाइकाचे वास्तुशास्त्री हातातील होकायंत्र घेऊन येतात तेव्हा त्यात पाचवी भर पडते. काका त्यांच्याशी वाद घालीत नाहीत. बाण कोणाचा एवढेच विचारून घेतात.

उंचीचा घोळ याहून मोठा असतो. भारतातील उंचीचा पाया १९०९ साली निश्चित झाला. देशाच्या किनाऱ्यावरील नऊ ठिकाणच्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून मध्यम समुद्रसपाटी ठरविली गेली, आणि त्या नऊंत मुंबईचे अपोलो बंदरही होते. तेथून दगडोदगडी, तलचिन्हाहून तलचिन्हाकडे, ती सपाटी देशभर आत नेली गेली. उपग्रहांवर चालणारे उपकरण मात्र समुद्राला ओळखत नाही. ते पृथ्वीच्या एका गणिती लंबगोलापासून उंची सांगते, आणि भारतीय उपखंडात समुद्रसपाटीचे खरे पृष्ठ या लंबगोलाच्या बरेच खाली असते. पश्चिम महाराष्ट्रात साठ मीटरांहून अधिक खाली. त्यामुळे जी जागा समुद्रसपाटीपासून ५८३ मीटरांवर आहे ती उपकरणाच्या तोंडून पाचशे वीसच्याही खालची होऊन येते. शिवाय ज्याला या दोन्ही भानगडी नकोत, असा मोजणीदार फाटकाजवळच्या ओट्याला १००.००० मानतो आणि मोकळा होतो. एकाच भूखंडाच्या तीन फाइली तीन उंच्या सांगत आहेत आणि तिन्ही आपापल्या परीने बरोबर आहेत, असा प्रसंग या टेबलावर नवा नाही. सांडपाण्याची नळी ज्या पालिकेच्या गटाराला जोडावयाची असते, त्याची उंची अर्थातच चौथ्याच कागदावर असते.

आता मुख्य गोष्ट. बिंदूंवरून भूमीचे पृष्ठ उभे करणे.

प्रणालीची रीत सोपी आहे. जवळजवळचे तीन बिंदू घ्यावयाचे, त्यांचा त्रिकोण करावयाचा, त्याला लागून दुसरा, मग तिसरा. असे त्रिकोणांचे ठिगळ जोडीत सर्व भूखंड झाकावयाचा. २०२४च्या आवृत्तीपासून या पृष्ठाला जाडीही मिळाली. त्यापूर्वी तेथील भूमी ही कातडीसारखी केवळ एक पापुद्रा होती. काही चुका अशा की मुलांनाही हसू येते. समोच्च रेषेवर लिहिलेला आकडा ५८४ असतो, पण तो आकडा स्वतः शून्य उंचीवर लिहिलेला असतो. तो थर वगळला नाही तर उतारावर अचानक समुद्रापर्यंत गेलेली विवरे पडतात. ड्रोनने टिपलेल्या छायाचित्रांवरून पृष्ठ केले तर करवंदीच्या जाळीचा माथा हीच जमीन ठरते, आणि माळावर हिरव्या रंगाच्या टेकड्या उगवतात. हे सर्व डोळ्यांना दिसते, म्हणून दुरुस्त होते.

ओढा दिसत नाही. या भूखंडाच्या खालच्या अंगाने एक ओढा जातो. वर्षातले आठ महिने कोरडा, दोन्ही काठांवर दाट झुडपे. मोजणीदाराची काठी या काठावर टेकली, त्या काठावर टेकली. तळाशी उतरणे अवघड, म्हणून वरच्या अंगाला दोन आणि खालच्या अंगाला एक एवढेच बिंदू तळाचे. मधल्या चाळीस-पन्नास मीटरांत प्रणालीला तळ ठाऊकच नाही. तिने या काठाचा बिंदू आणि त्या काठाचा बिंदू सरळ त्रिकोणाने जोडून टाकला. पडद्यावर तेथे गवताळ, सौम्य, अतिशय देखणा उतार दिसू लागला. ओढा बुजला होता. कोणी मुरूम टाकला नव्हता, कोणी परवानगी मागितली नव्हती. हे टाळण्यासाठी काठ आणि तळ यांच्या कडा भंगरेषा म्हणून वेगळ्या आखाव्या लागतात, म्हणजे त्रिकोण त्या रेषा ओलांडीत नाहीत. परंतु भंगरेषा आखावयास तळ कोठे आहे हे माहीत हवे.

पुण्यातल्या माणसाला ओढा ही शब्दालंकाराची बाब नाही. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबील ओढ्याला आलेल्या लोंढ्याने दक्षिण भागातील वस्त्यांच्या भिंती पाडल्या, माणसे नेली, गाड्या एकमेकींवर रचून ठेवल्या. त्याची कारणे अनेक होती आणि ती एखाद्या आरेखनाच्या फाइलीत शोधणे अन्यायाचे ठरेल. पण त्या रात्रीनंतर काका ओढ्याचा थर सर्वांत शेवटी बंद करतात, आणि बहुधा करीतच नाहीत.

भारतीय साहित्याच्या अभ्यासकांना या ठिकाणी एक जुनी रीत आठवणे साहजिक आहे. याच शहरात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. १९२५पासून विष्णु सीताराम सुकथनकर त्याचे प्रमुख संपादक होते. मूळ संहितेचे काम १९६६ साली पुरे झाले. शारदेपासून मलयाळमपर्यंत निरनिराळ्या लिप्यांतील हस्तलिखिते समोर ठेवून एक पाठ निश्चित करावयाचा होता. आज साफ केलेली फाइल हाती येते तसा तो स्वच्छ पाठ वाचकाच्या हाती आला. परंतु त्या संपादकांनी एक गोष्ट केली. ज्या अक्षरांविषयी, ज्या शब्दांविषयी त्यांची स्वतःची पुरती खात्री झाली नव्हती, त्यांच्याखाली त्यांनी नागमोडी रेघ छापली. पाठ दिला, कारण काहीतरी दिल्यावाचून श्लोक पुरा होत नव्हता. आणि आपण तो अनुमानाने दिला आहे हेही त्याच पानावर, त्याच ओळीखाली सांगितले. वगळलेले सर्व पाठभेद तळटीपांत जागेवर राहिले. संपादनाच्या इतिहासात यापेक्षा मोठ्या घटना असतील. यापेक्षा सभ्य घटना शोधावी लागेल.

नकाशाशास्त्रालाही ही सभ्यता ठाऊक होती. सर्वेक्षण खात्याच्या नकाशांत जेथे उंची प्रत्यक्ष मोजून नव्हे तर अदमासाने रेखिली असेल, तेथे समोच्च रेषा तुटक असते. रेघ तुटते म्हणजे तेथे मोजणाऱ्याचा पाय पोहोचला नाही. हाताने आखणाऱ्या पिढीला ती तुटक रेघ काढण्यास अधिक वेळ लागत असे, सबंध रेघेहून कितीतरी अधिक, आणि तरीही ती काढली जाई. प्रणालीला तुटक रेघ दिसते, पण कळत नाही. ती रेघेवरचे बिंदू उचलते आणि त्यांचे त्रिकोण करते. प्रिझमखाली दगडासारखा पक्का मोजलेला बिंदू आणि दोन बिंदूंच्या मध्ये गणिताने कल्पिलेला बिंदू यांचा रंग प्रतिमानात एकच, वजन एकच. तेथे कुठल्याही जागेवर टिचकी मारली की ती दशांशाच्या तीन स्थळांपर्यंत उंची सांगते. ५८१.४३७. हा आकडा इतक्या ठामपणे येतो की त्याला 'तुला हे कोणी सांगितले?' असे विचारण्याचे भान राहत नाही.

या भूखंडाच्या वेळी एका तरुण वास्तुविशारद मुलीने काकांची फाइल उघडली, तेव्हा तिला तीत अपेक्षेहून अधिक थर दिसले.

"काका, हे तुटक कंटूर वेगळ्या लेयरवर कशाला ठेवलेत? प्रोग्रॅम त्यांना काही वेगळं समजत नाही."

"त्याला नसेल समजत, ताई. पण तुम्ही उद्या त्याच्यावरूनच खालच्या पार्किंगची लेव्हल काढणार ना?"

"सरफेस आलाय की व्यवस्थित. सगळी लेव्हल मिळते त्यात."

"मिळते. ओढ्यात उतरून कोणी घेतलेली नाही, तरी मिळते. म्हणून तर विचारतोय."

ती थोडी चिडली असावी. तिच्यावर पालिकेत नकाशे दाखल करण्याची तारीख होती, आणि तारखेपुढे कोणाचाही विवेक थोडा आकसतो. यात तिचा विशेष दोष मानण्याचे कारण नाही. शिवाय तिचे म्हणणे अगदीच बिनबुडाचे नव्हते. इमारत उभी करावयाची तर कोणता तरी एक आकडा घ्यावाच लागतो. संशय कितीही प्रामाणिक असला तरी संशयावर खांब उभा राहत नाही. संपादकालासुद्धा शेवटी एक पाठ छापावाच लागला.

काकांनी वाद वाढविला नाही. त्यांनी फाइलीचे दोन भाग केले. एकात फक्त मोजलेले बिंदू, मोजणीदाराच्या क्रमांकांसह. दुसऱ्यात गणिताने आलेल्या रेषा. ओढ्याच्या त्या चाळीस-पन्नास मीटरांवर त्यांनी एक बंद आकृती आखली, तीत तिरप्या रेघा भरल्या आणि त्या थराला मराठीतच नाव दिले : 'न मोजलेले'. प्रतिमानात ही आकृती भूमीवर अंथरलेल्या विटक्या सतरंजीसारखी दिसू लागली. पार्किंगचा उतार नेमका तिच्यावरून जात होता. सुंदर चित्रात ती खुपत होती. मुलीने ती एकदा बंद केली. दुसऱ्या दिवशी छेद काढताना, उताराच्या पायथ्याची उंची टिपून घेताना, तिनेच पुन्हा उघडली. मग तिने मोजणीदाराला दूरध्वनी केला. त्याने आधी कुरकुर केली, मग पैशाचे विचारले, मग झुडपे तोडावयास माणूस लागेल म्हणाला.

माघात ओढा कोरडा होता. दोन माणसे कोयते घेऊन आत उतरली आणि त्यांनी मधल्या पट्ट्यात चार ठिकाणी काठी टेकविली. तळ प्रतिमानातील देखण्या उतारापेक्षा पावणेदोन मीटरांनी खाली निघाला. एका जागी राडारोड्याखाली अर्धवट बुजलेली सिमेंटची नळी सापडली. वरच्या वाटेखालून पाणी काढण्यासाठी ती कधी काळी कोणी घातली असावी. तिचा उल्लेख कोणत्याच कागदावर नव्हता. पार्किंगचा उतार त्यानंतर उलट बाजूने आला आणि सहा गाड्यांची जागा कमी झाली. गिऱ्हाइकाला ते आवडले नाही. नवा नकाशा दाखल होण्यास तीन आठवडे उशीर झाला, आणि त्याबद्दल कार्यालयात जे बोलणे झाले त्यात काकांच्या सावकाशपणाचाही उल्लेख आला.

काकांनी चार नवे बिंदू फाइलीत घातले, नळीची दोन्ही टोके आखली, त्या थराला मोजणीची तारीख दिली. 'न मोजलेले' या नावाची आकृती त्यांनी पुसली नाही; ती आखूड केली. ओढ्याच्या वरच्या अंगाला, जेथे करवंदीची जाळी कोयत्याला दाद देत नव्हती, तेथे आठ-नऊ मीटर लांबीच्या तिरप्या रेघा अजून होत्या.